साबणाची वडी आणि पंच्याण्णव अंश

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूमबाहेर काही दिवस एक स्टूल होतं. स्टुलावर प्लॅस्टिकचा मग आणि लाल साबणाची वडी, खाली पाण्याची बादली. कोणाला वाटेल, बरंय की, स्वच्छतेची सोय. पण तो साबण सगळ्यांसाठी नव्हता. तो फक्त कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलांसाठी होता. बाकीची मुलं चपला काढून सरळ आत जायची. कोळीवाड्यातली मुलं थांबायची, हात धुवायची, झटकायची आणि मग आत यायची.

हे शंभर वर्षांपूर्वीचं नाही. प्रत्येक घरात मोबाइल आहे, तेव्हाचं आहे. मी त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते आणि ते स्टूल माझ्या वर्गाच्या दाराशी होतं. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

शाळा समुद्राकाठच्या एका गावात. मी बोर्ली पंचतनला राहायचे, तिथून रोज स्कूटीनं जायचे. गाव अर्धं शेतकऱ्यांचं, अर्धं कोळ्यांचं. शाळेच्या मागच्या बाजूला मासळी सुकवायचे मांडव, पुढच्या बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या. वर्गात दोन्हीकडची मुलं एकत्र बसायची, भांडायची, डबे वाटून खायची. मुलांमध्ये काही नव्हतं. होतं ते मोठ्यांमध्ये.

आमचे मुख्याध्यापक गणिताचे उत्तम शिक्षक. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन स्वतः झाडांना पाणी घालायचे. शाळेचा एक जुना विद्यार्थी मुंबईत मोठा झालेला, त्याच्या मागे लागून लागून त्यांनी ही कॉम्प्युटर रूम मिळवली होती. तिचा त्यांना फार अभिमान. आणि भीतीही तेवढीच, की दात्यानं दिलेल्या वस्तूला काही होऊ नये. चोरी होऊ नये म्हणून त्यांनी सुताराकडून भिंतीला लागून एक लांब टेबल करून घेतलं, आणि टेबलाखाली प्रत्येक सीपीयूसाठी प्लायवूडचा एकेक खण. पुढून सनमायका लावलेलं दार, दाराला कुलूप. मागे, वर, खाली, सगळीकडून बंद. वायरीपुरतं एक भोक. खाऱ्या वाऱ्यानं मशीनं गंजतात म्हणून खिडक्याही बंद. टेबलाच्या मधोमध दात्याच्या नावाची पितळी पट्टी.

मी तेव्हा नवीन होते. एवढं मात्र विचारलं, "सर, हवा कुठून जाणार आत?"

"मॅडम, पंखे आहेत की त्यांना आतमध्ये," सर म्हणाले. "कंपनीनं काय उगाच बसवलेत?"

मुलांच्या जागाही त्यांनीच ठरवून दिल्या. कोळीवाड्यातली मुलं टेबलाच्या अगदी शेवटी, पश्चिमेच्या भिंतीशी. त्याचं कारण त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत आवाज खाली करून सांगितलं, "वास येतो हो. बाकीच्यांना त्रास नको." मी म्हटलं, मला तर येत नाही. त्यावर ते हसले, जणू मी विनोद केला.

त्या शेवटच्या मशीनवर नववीतली एक मुलगी बसायची. आई मासळी विकणारी, वडील बोटीवर. सकाळी मांडवावर बोंबील घालायला आईला मदत करून ती शाळेत यायची. बोलायला कमी, पण कॉम्प्युटरवर तिचा हात असा चालायचा की बाकीची मुलं आपलं काम सोडून तिच्यामागे उभी राहायची. मी त्यांना पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून चित्रं हलवायला शिकवत होते. बाकीच्यांनी मांजरं नाचवली, हिनं होडी केली. होडी लाटेवर वरखाली व्हायची, शीड हलायचं, वारा बदलला की होडीची दिशा बदलायची. हे मी शिकवलेलं नव्हतं. तिचं तिनं काढलं होतं.

दुपारच्या तासाला ती होडी जेमतेम किनाऱ्याला लागायची आणि मशीन फट्कन बंद पडायचं. पडदा काळा. ना कसली सूचना, ना काही. पुन्हा चालू करावं तर थोडा वेळ चालायचं, पुन्हा बंद. हळूहळू तिच्या शेजारचंही बंद पडायला लागलं, त्यावरही कोळीवाड्यातलाच एक मुलगा. पुढच्या टोकाची मशीनं मात्र ठीक.

एक दिवस नेमकं मशीन बंद पडताना सर दारात उभे होते. ते आत आले. तिच्या हातांकडे पाहिलं. सकाळच्या कामानं तिची बोटं भेगाळलेली असायची.

"मिठाचे हात घेऊन बसता तुम्ही," ते म्हणाले. सगळ्या वर्गासमोर. "कीबोर्डात खार जातो, मशीन बंद पडतं. उद्यापासून हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही."

मी म्हटलं, "सर, कीबोर्डानं कॉम्प्युटर बंद पडत नाही."

"मॅडम, समुद्राकाठी मी जन्म काढलाय. खार काय करतो ते मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी स्टूल आलं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. छप्पन साली आजोबांनी बुद्धाला शरण जाऊन जुनं सगळं मागे टाकलं, तरी वडिलांच्या पहिल्या शाळेत शिक्षकांच्या खोलीतला त्यांचा कप वेगळा होता. बाकीचे कप ट्रेमध्ये, यांचा खिडकीत. कोणी कधी काही बोलायचं नाही. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, नमस्कार करायचे. फक्त कप खिडकीत असायचा. वडील हे सांगताना कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचाच मला लहानपणी राग यायचा. ते स्टूल बघितलं तेव्हा मला तो न पाहिलेला कप दिसला. मी आवाज चढवायचं ठरवलं. पण नुसत्या आवाजानं भागणार नव्हतं हेही मला कळत होतं. सरांना आकडे लागत. गणिताचे शिक्षक ते.

तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं कुलूप न उघडताच सांगितलं, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, नाहीतर व्हायरस." सगळं पुसून पुन्हा भरून दिलं. त्यात होडीही गेली. मुलीनं पुन्हा पहिल्यापासून होडी करायला घेतली, आणि दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं.

मग मी घरी बसून वाचलं. कॉम्प्युटरच्या आत ठिकठिकाणी उष्णता मोजणारी बारीक साधनं असतातच, पंखा मिनिटाला किती फेरे घेतो याचाही हिशोब त्याच्याकडे असतो. फक्त तो आपल्याला कोणी दाखवत नाही. एक छोटा फुकट प्रोग्राम मिळाला. तो बसवला की पडद्याच्या खालच्या पट्टीवर, घड्याळाच्या शेजारी, प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचा वेग सतत दिसत राहतो. मी तो सगळ्या मशीनवर बसवला. माझ्या टेबलावरच्या, म्हणजे खणात न कोंडलेल्या मशीनवरही.

पहिल्याच दुपारी जे दिसलं ते पाहून मी खुर्चीवरून उठले. माझ्या मशीनचं तापमान पंचेचाळीसच्या आसपास, पंखा निवांत फिरतोय. टेबलाच्या पुढच्या टोकाला सत्तर. आणि पश्चिमेच्या भिंतीशी, जिथं दुपारभर ऊन भिंतीला चटके देतं, तिथं नुसतं चालू केल्यावर ऐंशी, काम सुरू करताच नव्वदीत. पंखा बिघडलेला नव्हता. तो बिचारा जीव तोडून फिरत होता, माझ्या मशीनच्या तिप्पट वेगानं. पण बंद खणात तो तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. तापमान पंच्याण्णवच्या वर गेलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. एवढंच होतं सगळं. मिठाचे हात म्हणे!

आणि त्या मुलांना त्या भिंतीशी बसवलं कोणी? ज्यांनी बसवलं, त्यांनीच त्यांना दोष दिला. हा विचार मनात आला तेव्हा मला वर्गात उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गाला म्हटलं, "आज कोणीही कशालाही हात लावायचा नाही. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं." पोरांना वाटलं शिक्षा आहे. मी प्रत्येक मशीनवर एकच काम लावून दिलं, आपोआप चालत राहणारं, आणि म्हटलं, "आता घड्याळाशेजारचा आकडा बघा."

कुजबुज सुरू झाली. शेवटच्या मशीनचा आकडा चढत होता. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. पंखा असा घोंघावत होता की दाराबाहेर ऐकू येत असेल. कोणीतरी मोठ्यानं आकडे म्हणायला लागलं आणि सगळा वर्गच म्हणायला लागला. पंच्याण्णव! शहाण्णव! आणि पडदा काळा.

ती मुलगी हात पाठीमागे बांधूनच उभी होती. तिच्या शेजारचा पोरगा ओरडला, "बाई, हिनं हात न्हाय लावला! कोनीच न्हाय लावला!"

मी मशीन गार होऊ दिलं आणि सरांना बोलावून आणलं. पुन्हा सगळं दाखवलं. आकडे, पंख्याचा वेग, माझं मशीन आणि हे मशीन. सर चष्मा वर करून बघत राहिले. मला वाटलं, आता पटेल. आकडे आहेत, समोर आहेत, चढताना दिसतायत.

ते म्हणाले, "हे सॉफ्टवेअर तुम्हीच टाकलंत ना?"

"हो."

"मग त्यानंच ताण येत असेल. न विचारता शाळेच्या मशीनवर असलं काहीबाही टाकायचं नाही, मॅडम. काढून टाका."

मी हसले की काय केलं मला आठवत नाही. पण ज्या माणसानं हयातभर मुलांना 'ताळा करून बघा' असं शिकवलं, त्या माणसाला ताळा समोर दिसत असताना तो नको होता. कारण तो मान्य केला तर पुढचा प्रश्न खणांचा येणार, आणि त्याच्या पुढचा साबणाचा. मी प्रोग्राम काढला नाही. काढणार नाही असं सांगितलंही.

त्यानंतर ती मुलगी कॉम्प्युटरच्या तासाला यायची बंद झाली. शाळेत यायची, पण तो तास आला की मागच्या झाडाखाली जाऊन बसायची. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "पोटात दुखतंय, बाई." आणि मग एक दिवस तिची आई शाळेत आली. डोक्यावरची टोपली शिपायाच्या खोलीपाशी उतरवून ती सरळ ऑफिसच्या दारात उभी राहिली. मी नेमकी आतच होते.

"कोन सर म्हनला माझ्या पोरीच्या हातानं मशीन बिगडतं?" तिनं विचारलं.

सर म्हणाले, "अहो ताई, बसा तर आधी. स्वच्छतेसाठी आहे ते. चांगल्यासाठीच आहे."

"चांगल्यासाठी हाय तर सगल्यांना का न्हाय?"

सर टेबलावरची पेनं सरळ करायला लागले. मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, "या माझ्याबरोबर, मी दाखवते," आणि कॉम्प्युटर रूममध्ये घेऊन गेले. मशीन चालू केलं, आकडा दाखवला, खणाचं कुलूप काढून आत हात घालायला लावला. मी भडाभडा बोलत होते, प्रोसेसर, पंखा, गरम हवा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या हाव. पन मशीन कशानं बिगडलं ते मला काय करायचंय? समजा माझ्या पोरीच्या हातानंच बिगडलं असतं. तरी सगल्यांसमोर तिला तसं उभं करायचं व्हतं काय?"

ती परत शिपायाच्या खोलीपाशी आली, टोपली उचलली आणि निघाली.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी शिपाईमामांना म्हटलं, "मामा, पेचकस आहे का?" ते म्हणाले, "कशाला, बाई?" मी सांगितलं. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं, आणि पेचकसाबरोबर एक हातोडीही आणली. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या खणांची दारं काढली. मागचे प्लाय खिळ्यांनी ठोकलेले होते, ते निघता निघेनात, तेव्हा मामांनी हातोडीनं सैल केले. धूळ, कोळिष्टकं, एका खणात कुंभारमाशीचं मातीचं घर. पितळी पट्टीला मात्र आम्ही हात लावला नाही. मग खिडक्या उघडल्या. सोमवारी दुपारी शेवटच्या मशीनचं तापमान पासष्टच्या वर गेलं नाही. पंखा जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

सरांचा आवाज मात्र सगळ्या शाळेला ऐकू गेला. शाळेच्या मालमत्तेची नासधूस, मनमानी, खुलासा द्या. "दात्यांना काय तोंड दाखवू मी?" हे तर त्यांनी तीनदा म्हटलं.

मी म्हटलं, "फोन लावा त्यांना. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी लावला नाही. मग मीच नंबर मिळवून संध्याकाळी लावला. मी घाबरत घाबरत सांगितलं, तुम्ही दिलेल्या मशीनचे खण मी तोडले. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "खण? कसले खण? मी तर कॉम्प्युटर दिले होते. चालत नसतील तर काढा की." आणि मग आपुलकीनं विचारलं, शाळेमागची ती चिंच अजून आहे का. बस्स. ज्याच्या धाकानं एका मुलीला साबण दाखवला गेला, त्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हे सरांना कळलं. त्यानंतर खुलाशाचा विषय निघाला नाही. स्टूल मात्र तिथंच होतं.

मी शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर विचारलं, "सर, मशीनं आता बंद पडत नाहीत. मग साबण कशासाठी?"

"स्वच्छता वाईट आहे का, मॅडम?"

"नाही. पण मग सगळ्यांना. तुम्हालाही, मलाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं की, कॉम्प्युटर रूममध्ये जाताना सर्व विद्यार्थ्यांनी हात धुवावेत. सहकारी माझ्याकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता सोडा." सोडा! एखाद्याला अन्यायानं वेगळं काढायचं आणि कोणी बोट दाखवलं की सगळ्यांना त्याच रांगेत उभं करून म्हणायचं, बघा, समानता आली. हे माझ्या मनासारखं नव्हतं.

मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "त्या मुलीला वर्गात सांगा की तुमचं चुकलं होतं. मशीन तिच्यामुळे बंद पडत नव्हतं. एवढंच."

"मुख्याध्यापकानं विद्यार्थिनीची माफी मागायची?"

"हो."

"तुम्ही फार भावनाप्रधान आहात," ते म्हणाले आणि हजेरीपट उघडला. शेवटपर्यंत त्यांनी ते सांगितलं नाही. म्हणून मीच सांगितलं, वर्गात, मुलगी नसताना. आणि मग तिच्या घरी गेले. आई अंगणात जाळं आवरत होती. मी म्हटलं, "सरांनी सांगायला हवं होतं. ते सांगत नाहीत. मी सांगते. चूक शाळेची होती." आईनं जाळं खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "ए, बाई आल्यात. चाय ठेव."

पुढच्या आठवड्यात मुलगी तासाला आली. स्टुलावरची वडी तोवर विरघळून गेली होती, नवीन कोणी ठेवली नव्हती. सर्वांसाठीचा नियम कोणीच पाळत नव्हतं, सरही विचारत नव्हते. मी बादली उचलून झाडांपाशी नेऊन ठेवली आणि स्टूल माझ्या टेबलाशेजारी. त्यावर ती मुलगी बसली आणि माझ्या मशीनवर तिनं होडी पुन्हा केली, आधीपेक्षा मोठी, तिच्यात माणसं बसवून.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत, कीबोर्डाला हात लावायच्या आधी ती दोन्ही तळहात स्कर्टवर पुसायची. कोणी सांगितलेलं नसायचं, कोणी बघतही नसायचं. मी कितीदा म्हटलं, "नको गं पुसूस." ती म्हणायची, "सवय झाली, बाई," आणि हसायची.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात संगणक कक्ष उभारल्याबद्दल त्यांचा सत्कार होता. त्यावर चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, माझ्या चार शब्दांनी समारंभाला शोभा येणार नाही. मग दुसऱ्या कोणी तरी ते म्हटले. टाळ्या वाजल्या. ती मुलगी तेव्हा श्रीवर्धनच्या कॉलेजात शिकत होती. त्या टाळ्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत याचंच मला त्या दिवशी थोडं बरं वाटलं.